राजाची खुर्ची आणि मानाउसचा पडदा

१

नाट्यसमीक्षा म्हटली की संहितेची चर्चा होते, अभिनयाची होते, दिग्दर्शनाची होते. पडद्याची चर्चा होत नाही. नाटक सुरू होण्यापूर्वी प्रेक्षक ज्याच्याकडे पंधरा-वीस मिनिटे नुसता पाहत बसतो त्या दर्शनी पडद्यावर काय रंगविले आहे, छतावर कोणाची चित्रे आहेत, खांबांवर कोणाची नावे आणि मुखवटे आहेत, हे सारे 'सजावट' या एका शब्दात गुंडाळून बाजूला ठेवले जाते. सजावट म्हणजे वरवरची, निरुपद्रवी गोष्ट. ती कोणाची बाजू घेत नाही, असा आपल्या समीक्षेचा समज आहे.

हा समज मला मान्य नाही. सजावटीलाही बाजू असते. कित्येकदा ती नाटकापेक्षा अधिक स्पष्ट असते. नाटक रोज बदलते. पडदा आणि छत शंभर वर्षे तेच सांगत राहतात. म्हणून एका नाट्यगृहाचा पडदा आणि त्याभोवतीची सजावट एखादी साहित्यकृती वाचावी तशी वाचण्याचा प्रयत्न मी येथे करणार आहे. हे नाट्यगृह ब्राझीलमध्ये, अॅमेझॉनच्या जंगलात, मानाउस या शहरात आहे. त्याचे नाव तेआत्रो आमाझोनास. बांधणी इटालियन पद्धतीची, उद्घाटन ३१ डिसेंबर १८९६ चे.

एवढ्या दूरच्या पडद्याशी आपला काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो दुहेरी आहे. एक संबंध श्रमाचा आहे. दुसरा सौंदर्यदृष्टीचा आहे. दोन्ही ओघात येतील.

२

इटालियन पद्धतीचे नाट्यगृह म्हणजे काय, हे आधी पाहू. समोर चौकटीची कमान, कमानीत पडदा, पडद्यामागे रंगविलेल्या विंगा आणि यंत्रे. प्रेक्षागृह घोड्याच्या नालेच्या आकाराचे, आणि भिंतीलगत एकावर एक चढविलेले बॉक्सचे मजले. व्हेनिसमध्ये १६३७ साली तिकीट घेऊन प्रवेश देणारे पहिले ऑपेरागृह सान कास्सियानो येथे उघडले. त्यानंतर ही पद्धत युरोपभर पसरली आणि युरोपीय व्यापाऱ्यांच्या व राज्यकर्त्यांच्या मागोमाग जगभर गेली.

या पद्धतीचा कणा यथार्थदर्शन हा आहे. सपाट कापडावर खोली दाखवायची, जवळच्या रेषा मोठ्या आणि दूरच्या लहान करीत न्यायच्या, आणि सगळ्या रेषा एका बिंदूकडे धावताना दाखवायच्या. हे चित्र खरे वाटते, परंतु त्यासाठी पाहणाऱ्याने एका विशिष्ट जागी बसावे लागते. त्या जागेपासून डावीउजवीकडे सरकले की राजवाड्याचे खांब कलतात, रस्ता मोडतो, विंगांमधल्या फटी दिसू लागतात. मग ही विशिष्ट जागा कोणाला द्यायची?

इटलीतील निकोला सबातीनी या रंगमंच-अभियंत्याने १६३८ साली नेपथ्य व रंगयंत्रे यांवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात याचे उत्तर स्पष्ट दिलेले आहे. ती जागा राजाची. चित्र राजाच्या डोळ्याच्या हिशेबाने रेखाटायचे. 'राजाचा डोळा' हा शब्दप्रयोग पुढे युरोपीय रंगभूमीत रूढच झाला. सबातीनी एवढ्यावर थांबत नाही. बाकीच्या प्रेक्षकांना कोठे बसवावे हेही तो सांगतो. जाणकार, सुसंस्कृत मंडळींना मध्यभागी बसवावे. सामान्य, अडाणी लोकांना कडेला बसवावे, कारण तेथून यंत्रांची करामत नीट दिसत नाही आणि हे लोक काही बारकाईने पाहत नाहीत.

मी हा मजकूर माझ्या वर्गात सांगितला तेव्हा मागच्या बाकावरची एक विद्यार्थिनी म्हणाली, "म्हणजे सर, कडेला बसणाऱ्याला वाकडं दिसतं हे त्यांना माहीत होतं!" या उद्गारात अर्धी समीक्षा आलेली आहे. कडेच्या माणसाला दिसणारे वाकडेपण हा त्या कलेचा अपघात नव्हता, ती तिची व्यवस्था होती. आणि या व्यवस्थेचे समर्थन कसे केले गेले, तेही पाहण्यासारखे आहे. आधी माणसाला कडेला बसवायचे. तेथून त्याला नीट दिसणार नाही हे माहीत असते. मग त्याला नीट दिसत नाही यावरून ठरवायचे की त्याला पाहण्याची दृष्टीच नाही. ज्यांना शाळेच्या दाराबाहेर बसवून नंतर 'यांच्यात विद्येची आवड नाही' असे म्हटले गेले, त्यांना हा युक्तिवाद नवा नाही.

सबातीनीचा हा नियम मी पुढे मोजपट्टी म्हणून वापरणार आहे. कोणत्याही पडद्यासमोर आपण एकच प्रश्न विचारावा: हे चित्र कोणत्या खुर्चीवरून सरळ दिसते?

३

आता मानाउस. रिओ नेग्रो नदीच्या काठावरचे हे शहर एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी रबराच्या पैशावर फुगले. वाहनांना रबरी धावा आल्या, कारखान्यांना रबरी पट्टे लागू लागले, आणि रबराचे झाड जंगलात आपोआप उगवत होते ते अॅमेझॉनच्या खोऱ्यातच. व्यापारी गबर झाले. त्यांना ऑपेरा हवा होता. १८८१ साली प्रांतिक विधिमंडळात नाट्यगृहाची कल्पना मांडली गेली, आराखडा लिस्बनहून आला, आणि १८८४ साली बांधकामाला आरंभ झाला. हे वर्ष लक्षात ठेवण्यासारखे आहे. याच वर्षी जुलै महिन्यात आमाझोनास प्रांताने गुलामगिरी रद्द केल्याचे जाहीर केले. सगळ्या ब्राझीलमध्ये ती कायद्याने संपली १३ मे १८८८ रोजी. म्हणजे गुलामगिरीचा शेवट आणि या नाट्यगृहाची पायाभरणी एकाच काळातील आहेत.

नाट्यगृहाचे सामान कोठून आले ते पाहा. लोखंडी सांगाडा ग्लासगोहून, संगमरवर इटलीतील काराराहून, झुंबरांपैकी काही व्हेनिसजवळच्या मुरानोहून, सामानसुमान पॅरिसहून. घुमटावर सुमारे ३६ हजार रंगीत कौले आहेत, ती आल्सासमधून आली. त्यांतून ब्राझीलच्या ध्वजाचे रंग साधले आहेत. आत सुमारे सातशे आसने, खाली सपाट बैठक आणि भोवती बॉक्सचे तीन मजले. खांबांवर मोलिएर, मोझार्ट, व्हेर्दी अशा नाटककारांच्या व संगीतकारांच्या स्मरणार्थ मुखवटे आहेत. छतावरची चित्रे पॅरिसमध्ये रंगविली गेली आणि समुद्रमार्गे आणली गेली. संगीत, नृत्य, शोकात्मिका यांची रूपके त्यांत आहेत, आणि एक भाग ब्राझीलचा ऑपेरा-रचनाकार कार्लोस गोमेस याला वाहिलेला आहे. छताची रचना अशी की खाली बसून वर पाहिले तर आपण आयफेल मनोऱ्याच्या चार पायांमध्ये बसलो आहोत असा भास व्हावा.

हा भास फार बोलका आहे. जंगलात बसलेल्या माणसाने मान वर केली तर त्याला पॅरिस दिसावे, यासाठी एवढा खर्च झाला. आपण जेथे आहोत तेथे आपण नाही, असे स्वतःला पटवून देण्याची सोय म्हणजे ही सजावट. पेशवाईच्या पडझडीनंतर इंग्रजांच्या सावलीत वाढलेल्या आपल्याकडच्या अभिजनांनाही हे दुखणे जडलेले होते, म्हणून ते ओळखणे आपल्याला अवघड नाही.

७ जानेवारी १८९७ रोजी येथे पहिला ऑपेरा झाला, पोंकिएल्लीचा 'ला जोकोन्दा'. एन्रीको कारूसो या थोर गायकाने येथे गायन केले अशी आख्यायिका आहे आणि १९८२ च्या 'फिट्झकारॉल्डो' या जर्मन चित्रपटाने ती जगभर नेली. प्रत्यक्षात कारूसो येथे कधी गायला नाही. परंतु आख्यायिका टिकली, कारण त्या सजावटीला असाच गायक शोभत होता. सजावट आपल्याला हवा तो इतिहास मागून घेते.

४

या सगळ्या आयात वैभवात दर्शनी पडदा मात्र वेगळा आहे. त्याचा विचार स्वतंत्रपणे केला पाहिजे.

एकोणिसाव्या शतकातील इटालियन नाट्यगृहांच्या दर्शनी पडद्यांचा एक ठरलेला साचा होता. नेपल्सच्या सान कार्लो नाट्यगृहाचा ज्युसेप्पे मान्चिनेल्ली याने १८५४ साली रंगविलेला पडदा हे त्याचे नामांकित उदाहरण. ग्रीक देवता, कलांच्या देवी आणि होमरपासूनचे कवी व कलावंत, असा तो प्रतिभावंतांचा स्वर्ग आहे. मानाउसचा पडदा रंगविणारा क्रिस्पिम दो आमाराल हा ब्राझीलचाच चित्रकार. पडदा त्याने पॅरिसमध्ये रंगविला. परंतु विषय ग्रीक स्वर्गाचा घेतला नाही, मानाउसजवळचा घेतला. तेथे काळसर पाण्याची रिओ नेग्रो आणि मातकट पाण्याची सोलिमोंइस या दोन महानद्या मिळतात. हा संगम आणि त्याच्या मध्यभागी इयारा ही तेथील लोककथेतली जलदेवता, असे हे चित्र आहे. नाटक सुरू होताना हा पडदा गुंडाळला जात नाही. उंच घुमटात तो अखंड वर चढतो, चित्राला घडी पडत नाही.

त्या काळाच्या मानाने ही मोठी गोष्ट होती, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. जेथे खांबांवर मोझार्ट आणि छतावर आयफेल मनोरा आहे, तेथे पडद्यावर आपली नदी आणणे याला धैर्य लागते. चित्राचे रंगकौशल्यही वादातीत आहे. जे वाईट आहे ते वाईट म्हणणे सोपे असते. समीक्षेची कसोटी लागते ती चांगल्या कलाकृतीपुढे. म्हणून विचारले पाहिजे: स्थानिक म्हणून पडद्यावर कोण आले?

नदी आली, आणि देवता आली. निसर्ग आला, आणि पुराण आले. त्या निसर्गात राबणारा माणूस आला नाही. ज्याच्या हातांनी रबराचा चीक निघाला आणि त्या चिकाच्या पैशातून हा पडदा पॅरिसहून आला, तो मजूर त्या पडद्यावर नाही. सजावटीत स्थानिकतेचा प्रवेश होतो तेव्हा बहुधा हे असेच घडते. माती येते, मातीत राबणारा येत नाही. आपल्या ग्रामीण म्हणविणाऱ्या साहित्यातही एके काळी पहाट, धुके, मोट, जोंधळ्याचे ताट एवढेच गाव होते. गावकुसाबाहेरचा माणूस त्या गावात क्वचितच दिसे, आणि दिसला तरी वाकलेला दिसे.

या पडद्यावरील संगमाविषयी आणखी एक सांगायचे आहे. या दोन नद्यांचे पाणी मिळता क्षणी एकजीव होत नाही. तापमान, वेग आणि घनता वेगवेगळी असल्यामुळे काळे पाणी आणि मातकट पाणी सुमारे सहा किलोमीटर शेजारी शेजारी, मध्ये स्पष्ट रेघ ठेवून वाहते. पर्यटक होड्या करून ही रेघ पाहायला जातात. पडदा या रेघेचा गौरव करतो. ज्या समाजात गोरे मालक, काळे मुक्त झालेले गुलाम, मूळनिवासी आणि मिश्र रक्ताचे मजूर एकाच शहरात परंतु वेगळ्या रेघांनी जगत होते, त्या समाजाच्या नाट्यगृहात ही रेघ निसर्गाचा चमत्कार म्हणून रंगविली गेली. चित्रकाराचा तसा हेतू होता असे माझे म्हणणे नाही. वाचकाच्या अनुभवातून जे वाचले जाते तेही कलाकृतीचाच भाग असते. आम्हाला पाण्याचा प्रश्न २० मार्च १९२७ च्या महाडने शिकविला. पाणी शेजारून वाहते आणि तरी एकत्र येत नाही, हे दृश्य आम्ही निव्वळ सौंदर्य म्हणून पाहू शकत नाही. निदान नदीच्या पाण्याला सहा किलोमीटर पुरतात. गाव आणि महारवाडा यांना किती शतके पुरली, हा हिशेब अजून मिटलेला नाही.

५

मजूर पडद्यावर नाही. मूळनिवासी मात्र या इमारतीत एका ठिकाणी सापडतो. वरच्या मजल्यावरील मानाच्या दालनाची सजावट दोमेनिको दे आंजेलिस या इटालियन चित्रकाराने केली. छतावर अॅमेझॉन प्रदेशातील ललितकलांचा गौरव करणारे त्याचे १८९९ चे भव्य चित्र आहे. याच दालनात 'इल ग्वारानी' या कार्लोस गोमेसच्या ऑपेरातील एक प्रसंग आहे. हा ऑपेरा १८७० साली मिलानच्या ला स्काला नाट्यगृहात प्रथम झाला. त्याची कथा जोझे दे आलेंकार याच्या १८५७ च्या कादंबरीवरून घेतलेली. पेरी हा मूळनिवासी वीर सेसी या पोर्तुगीज सरदारकन्येला वाचवितो, तो हा प्रसंग.

पेरी शूर आहे, देखणा आहे, निष्ठावंत आहे. त्याचे शौर्य मालकाच्या मुलीच्या रक्षणासाठी आहे आणि तिच्या सोबत राहण्यासाठी तो ख्रिस्ती धर्म स्वीकारतो. मूळनिवासी माणसाला मानाच्या दालनात प्रवेश मिळाला तो या अटीवर. अंगठा देणारा एकलव्य आणि उष्टी बोरे देणारी शबरी यांना आपल्या परंपरेने असाच मान दिला. अंगठा न देणारा एकलव्य कोणत्या मंदिराच्या भिंतीवर आहे? सजावटीत शोषिताला जागा मिळते तेव्हा 'मिळाली' एवढ्यावर समाधान मानून चालणार नाही. तो कोणत्या पवित्र्यात उभा आहे, हे पाहिले पाहिजे.

आणि रबर? ज्याच्यामुळे हे सारे उभे राहिले ते रबर या इमारतीत कोठे आहे? असे सांगितले जाते की नाट्यगृहासमोरच्या रस्त्याच्या फरसबंदीत रबर मिसळले होते. उशिरा येणाऱ्या घोडागाड्यांच्या चाकांचा खडखडाट आत ऐकू येऊ नये, म्हणून. खेळ निर्विघ्न चालावा यासाठी बाहेरचा आवाज दाबणे, एवढे काम रबराला दिले होते. रबर काढणाऱ्याचा आवाजही असाच दबला.

६

तो आवाज कसला होता? १८७७ ते १८७९ या काळात ईशान्य ब्राझीलच्या सिआरा प्रांतात भीषण दुष्काळ पडला. तेथून आणि पुढच्या वर्षांतही भुकेने बाहेर पडलेली माणसे बोटींतून अॅमेझॉनमध्ये आणली गेली. प्रवासाचा खर्च, कोयता, कुऱ्हाड, पत्र्याच्या वाट्या, पीठमीठ, सारे आगाऊ दिले जाई आणि नावावर मांडले जाई. रबर विकायचे ते याच मालकाला. सामान घ्यायचे ते त्याच्याच दुकानातून. दोन्हींचे भाव तोच ठरविणार. या कर्जाची साखळी मजुरापासून दुकानदारापर्यंत, दुकानदारापासून मानाउस आणि बेलेंच्या पेढ्यांपर्यंत, आणि तेथून लंडन-न्यूयॉर्कपर्यंत जाई. आमच्या ऊसतोड मजुराला 'उचल' हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. अॅमेझॉनचा मजूर त्याला लगेच ओळखील.

हा मजूर पहाटे, अंधारातच, शंभर-दीडशे झाडांची वाट चालू लागे. प्रत्येक झाडाला तिरपी चीर द्यायची, खाली वाटी अडकवायची. पुन्हा तीच वाट फिरून चीक गोळा करायचा. मग धुराच्या चुलीवर दांडा फिरवीत त्यावर चिकाचा थर चढवायचा, तो धुराने घट्ट करायचा, त्यावर पुन्हा थर, असे करीत मोठा गोळा तयार करायचा. तो धूर डोळ्यांत आणि छातीत जाई. जंगलातला हा एकाकी माणूस म्हणजे मानाउसच्या झुंबरांचे तेल.

मूळनिवासींची गत याहून भयानक झाली. पेरू आणि कोलंबिया यांच्या वादातील पुतुमायो प्रदेशात हूलिओ सेसार अराना याच्या लंडनला नोंदलेल्या कंपनीने विटोटो, बोरा, आंदोके या लोकांकडून चाबूक, उपासमार आणि खून यांच्या जोरावर रबर काढून घेतले. रॉजर केसमेंट याने १९१० साली तेथे जाऊन चौकशी केली आणि त्याचा अहवाल १९१२ साली ब्रिटिश सरकारने प्रसिद्ध केला. पुतुमायो मानाउसपासून फार दूर आहे, परंतु अरानाच्या व्यापाराचे एक कार्यालय मानाउसमध्ये होते. म्हणजे अंतर जंगलात होते, हिशेबवहीत नव्हते.

येथे एक आक्षेप घेतला जाईल. ऑपेरागृहाच्या पडद्यावर मजूर रंगविण्याची प्रथाच तेव्हा नव्हती. रूपकचित्रांची एक परंपरा होती, चित्रकार त्या परंपरेत राहिला. आजचा आग्रह कालच्या चित्रकारावर लादणे अन्यायाचे आहे. या आक्षेपातील पहिला भाग खरा आहे. प्रथा नव्हती. पण माझा मुद्दा नेमका प्रथेचाच आहे. चित्रकार दोषी आहे की निर्दोष, हा खटला मला चालवायचा नाही. प्रथा म्हणजे सबातीनीने आखून दिलेली खुर्ची. त्या खुर्चीवरून नदी सुंदर दिसते आणि मजूर दिसत नाही. चित्रकाराने लबाडी करावी लागत नाही. त्याने प्रामाणिकपणे रेषा ओढल्या की पुरे, बाकीचे काम खुर्ची करते.

दुसरा आक्षेप आपल्याच बाजूने येईल, आणि तो अधिक महत्त्वाचा आहे. खुर्चीवर आपला माणूस बसला की प्रश्न सुटेल, असे आपल्यातील अनेकांना वाटते. या बाबतीतही मानाउस आपल्याला काही सांगते. हे रखडलेले बांधकाम नेटाने पुरे करून घेणारा आमाझोनासचा राज्यपाल एदुआर्दो रिबेइरो हा आफ्रिकी वंशाचा होता. मारान्यांव प्रांतात १८६२ साली त्याचा जन्म झाला, म्हणजे त्याच्या बालपणी आणि तारुण्यात त्या देशात गुलामगिरी चालू होती. अशा माणसाने राज्यपालपदापर्यंत जावे आणि शहराचे रूप पालटावे, हे लहान कर्तृत्व नव्हे, आणि त्याची आठवण आदरानेच ठेवली पाहिजे. परंतु त्याच्या हातून पुरे झालेल्या नाट्यगृहाच्या छतावर पॅरिसच राहिले आणि पडद्यावर देवताच राहिली. खुर्चीवरचा माणूस बदलला, चित्राच्या रेषा बदलल्या नाहीत. राखीव जागेवरून निवडून येऊन तोच जुना पडदा वर ओढणाऱ्या आपल्या प्रतिनिधींनी यावर विचार करावा.

७

आरंभी मी श्रमाच्या संबंधाचा उल्लेख केला. तो आता सांगतो. १८७६ साली हेन्री विकहॅम या इंग्रजाने अॅमेझॉनमधून रबराचे सुमारे ७० हजार बी लंडनजवळच्या क्यू उद्यानात नेले. तेथील रोपे श्रीलंका आणि मलाया येथे गेली. मलायात मळे उभे राहिले, आणि १९१३ च्या सुमारास मळ्यांचे स्वस्त रबर जंगलातल्या रबराच्या पुढे गेले. मानाउसची भरभराट कोसळली. व्यापारी निघून गेले आणि नाट्यगृह कित्येक दशके बहुतांशी निकामी पडून राहिले.

मलायाच्या त्या मळ्यांवर राबले कोण? तमिळ मुलखातून कंगाणी मुकादमांनी भरती करून नेलेले मजूर, आणि त्यांत मोठा वाटा परैयर, पल्लर अशा अस्पृश्य ठरविलेल्या जातींचा होता. तेथेही आगाऊ रक्कम होती, तेथेही मळ्याचे दुकान होते, तेथेही पहाटे अंधारात झाडाला चीर द्यायची होती. मानाउसचे झुंबर विझले ते सिआराच्या मजुराला न्याय मिळाला म्हणून नव्हे. त्याच्याहून स्वस्त हात सापडले म्हणून ते विझले, आणि ते हात आपल्या भावंडांचे होते. दोन खंडांतल्या दोन शोषितांना भांडवलाने एकमेकांसमोर उभे केले आणि दोघांनाही एकमेकांचा पत्ता लागू दिला नाही. तो पत्ता शोधणे हे आपल्या साहित्याचे आणि अभ्यासाचे काम आहे. मलायाच्या मळ्यांचे कोणतेही ऑपेरागृह नाही म्हणून ते सजावटीच्या इतिहासात येत नाहीत. समीक्षेच्या इतिहासात त्यांना आपणच आणले पाहिजे.

८

ही रंगमंचपद्धती आपल्याकडेही आली. मुंबईत ग्रँट रोडवर १८४६ साली नाट्यगृह उघडले. विष्णुदास भाव्यांनी १८५३ साली तेथे खेळ केले. पुढे संगीत नाटक कंपन्यांनी रंगविलेल्या पडद्यांचा मोठा बडेजाव केला. कोल्हापूरच्या आनंदराव आणि बाबूराव पेंटर या बंधूंनी असे पडदे रंगविले आणि त्यांची ख्याती झाली. सुतारकाम करणाऱ्या मेस्त्री घराण्यातला मुलगा पडद्यांवरून चित्रपटापर्यंत गेला, ही अभिमानाची गोष्ट आहे. परंतु कंपनीच्या बैलगाडीतून फिरणारा पडद्यांचा नेहमीचा संच कोणता? राजवाडा, बाग, रस्ता, जंगल. गावकुसाबाहेरच्या वस्तीला या संचात जागा नव्हती. 'रस्ता' होता, तो झाडणाऱ्याची झोपडी नव्हती.

याच्या उलट आमचा जलसा पाहा. सत्यशोधकांनी तो उभा केला, आणि पुढे भीमराव कर्डक व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो आंबेडकरी चळवळीसाठी वस्तीवस्तीत नेला. त्याला ना चौकटीची कमान, ना रंगविलेला पडदा. पारावर, चावडीपुढे, चाळींच्या मधल्या मोकळ्या जागेत माणसे तिन्ही बाजूंनी बसत. बहुतेकांना जवळजवळ सारखेच दिसे. तेथे राजाची खुर्ची मांडायला जागाच नव्हती. जलशाचे गरिबीमुळे आलेले साधेपण म्हणून त्याचे कौतुक करण्याची रीत आहे. मला ते पुरेसे वाटत नाही. त्या साधेपणात पाहण्याची एक वेगळी समान व्यवस्था होती. तिचा सौंदर्यशास्त्रीय विचार आपण अजून पुरेसा केलेला नाही. शरद पाटील यांनी १९८८ साली अब्राह्मणी साहित्यांच्या सौंदर्यशास्त्राची मांडणी केली, शरणकुमार लिंबाळे यांनी १९९६ साली दलित साहित्याच्या सौंदर्यशास्त्राची केली. रंगमंचाच्या, बैठकीच्या आणि सजावटीच्या सौंदर्यशास्त्राचे काम बाकी आहे.

दलित आत्मकथनांवर 'आशय प्रखर आहे, पण कलात्मकता कमी पडते' असा शेरा आजही मारला जातो. असा शेरा मारणाऱ्याला उलट प्रश्न विचारावा: आपण कोठे बसून पाहता आहात? ज्या रेषा आपल्याला वाकड्या दिसतात त्या खरोखर वाकड्या आहेत, की त्या आपल्या खुर्चीच्या हिशेबाने ओढलेल्या नाहीत? आणि हाच प्रश्न आपण आपल्या लेखनालाही विचारला पाहिजे. गावकुसाबाहेरच्या घरातसुद्धा एक कडेची जागा असते. तेथे बहुधा बाई बसलेली असते. आपण लिहिलेले चित्र तिच्या जागेवरून सरळ दिसते काय?

मानाउसचे नाट्यगृह पाडून टाकावे असे मला वाटत नाही. १९६६ पासून ते ब्राझीलची संरक्षित राष्ट्रीय वास्तू आहे, १९९० साली दुरुस्त होऊन ते पुन्हा उघडले, आणि १९९७ पासून तेथे ऑपेरा महोत्सव भरतो. ते सुंदर आहे, आणि ते सौंदर्य ज्यांच्या घामाचे आहे त्यांच्या वंशजांचा त्यावर पहिला हक्क आहे. आपल्या श्रमातून झालेल्या वस्तूकडे पाठ फिरवणे म्हणजे ती दुसऱ्यांदा गमावणे. ती वाचावी, तिच्यावर आपला दावा सांगावा, आणि तिच्यात काय दडविले आहे ते मोठ्याने सांगावे.

मी मानाउसला गेलेलो नाही. हे वाचन छायाचित्रांवर आणि छापील वर्णनांवर आधारलेले आहे. मला पाहायला मिळालेली त्या पडद्याची छायाचित्रे बहुतेक मधल्या वाटेवरून, अगदी केंद्रातून काढलेली आहेत. कॅमेराही आपसूक राजाच्या खुर्चीत जाऊन बसतो. म्हणून विद्यार्थ्यांना आणि कार्यकर्त्यांना माझी एक सूचना आहे. आपल्या गावातील, जिल्ह्यातील नाट्यगृहात जाल तेव्हा पडदा उघडण्याआधी मधली जागा सोडून कडेच्या शेवटच्या खुर्चीवर बसा. तेथून पडदा पाहा, भिंतींवरच्या तसबिरी पाहा, कोणाची आहे आणि कोणाची नाही ते मोजा. दाराशी असलेल्या कोनशिलेवर कोणाचे नाव कोरले आहे आणि तो दगड घडविणाऱ्याचे नाव का नाही, ते विचारा. जे वाकडे दिसेल ते वाकडेच लिहून काढा. ते लेखन या नियतकालिकाकडे पाठवा. आपल्या रंगभूमीच्या समीक्षेला अशा टिपणांची गरज आहे.